आज काय निघालं?

मंडळी, गेल्या तीन अंकांपासून शेवटच्या पानावर 'आज काय निघालं?' या चौकटीत दोन-दोन ओळींचे जे चुटके छापून येत आहेत, त्यांवरून आम्हाला दोन प्रकारचे फोन आले. पहिला प्रश्न, हे लिहितं कोण? दुसरा थोडा रागाचा : मराठी मंडळाच्या अंकात इंग्रजी कोड्यांची उत्तरे कशाला? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, पण ते जरा लांब आहे. संपादकांनी या खेपेस जागा मोकळी करून दिली आहे, तेव्हा चहाचा कप घेऊनच बसावे.

ज्यांच्या घरात हे खूळ अजून शिरलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोड्याचे नाव 'वर्डल'. पाच चौकोन, पाच इंग्रजी अक्षरांचा एक शब्द आणि तो ओळखायला सहा संधी. अक्षर योग्य जागी बसले की चौकोन हिरवा होतो. अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली, तर पिवळा. नसलेच, तर करडा. दिवसाला एकच शब्द, आणि साऱ्या जगाला तोच. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या जॉश वॉर्डल नावाच्या संगणकतज्ज्ञाने हे कोडे आपल्या जोडीदारणीच्या करमणुकीसाठी रचले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांना खुले केले. १ नोव्हेंबरला ते खेळणारे ९० जण होते. २ जानेवारी २०२२ रोजी तीन लाखांच्या वर गेले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते विकत घेतल्याचे जाहीर केले.

त्या तीन लाखांत आमची कन्या होती. तेव्हा वय वर्षे दहा.

आता घरची गोष्ट. आमचे सासरे मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात पुण्यात गेले. दुसरी लाट होती. आम्हाला जाता आले नाही. जे पाहिले ते फोनच्या पडद्यावर. त्या वर्षी आपल्यापैकी किती घरांत असेच झाले ते इथे लिहायला नको. नोव्हेंबरात अमेरिकेने लस घेतलेल्या पाहुण्यांना दार उघडले आणि डिसेंबरात सासूबाई आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, तब्येतीने ठीक. पण बोलणे संपलेले. 'जेवलात का?' 'हो.' 'थंडी वाजतेय का?' 'नाही.' खिडकीशी बसून बर्फाकडे बघत राहायच्या. ज्या बाईने चाळीस वर्षे रोज सकाळी वर्तमानपत्रातले शब्दकोडे पेन्सिलने सोडवले, अडले की स्वयंपाकघरातून ओरडून नवऱ्याला 'चार अक्षरी, नदी, शेवटी ती' असे विचारले, तिच्या हातात इथे वर्तमानपत्र नाही, पेन्सिल नाही आणि ओरडून विचारायला कोणी नाही.

एके सकाळी शाळेच्या बसची वाट बघत कन्या आजीशेजारी बसून कोडे सोडवत होती. शेवटची ओळ हिरवी झाली तशी ती उडी मारून ओरडली. सासूबाईंनी मान वळवली.

"आज काय निघालं?"

"रोबॉट!"

"रोबॉटला पाच घरं कशाला? तीन पुरतात की. रो, बॉ, ट."

इथे आमच्या घरात पहिला शास्त्रार्थ झाला. मराठी कोड्यात एका घरात अख्खे अक्षर राहते. काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळे त्याच घरात. जोडाक्षर असले तरी बिऱ्हाड एकच. इंग्रजीत प्रत्येक वर्णाला स्वतंत्र घर. "म्हणजे आमची चाळ आणि तुमचे फ्लॅट," असा निकाल सासूबाईंनी दिला आणि बस येईपर्यंत आजी-नातीने मिळून हे रचले :

रोबॉट माझा शहाणा भारी,
भांडी घासतो रोज दुपारी;
आई म्हणते, बाबांनासुद्धा
बसवा एखादं बटण तरी!

आमचे हे त्या वेळी दाढी करत होते. त्यांनी निषेध नोंदवला. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही तिघेही मोठी माणसे दिवसभर मनातल्या मनात हसत होतो, कारण महिनाभरानंतर त्या घरात आईंचे एक सबंध वाक्य ऐकू आले होते.

तेव्हापासून रिवाजच पडला. सकाळी कन्येने शब्द काढायचा, आजीला त्याचा अर्थ सांगायचा, आणि आजीने दुपारपर्यंत दोन ओळी करून ठेवायच्या. चार दिवसांनी 'नोल' निघाला. नोल म्हणजे लहानशी टेकडी. आजीबाईंची दोन ओळींत तक्रार :

नोल म्हणजे टेकडी म्हणे, बर्फात सारी बुडली;
आमची तळजाई बरी गं, उन्हात तापत पडली!

तळजाईच्या टेकडीवर त्या आणि सासरे रोज पहाटे फिरायला जायचे. ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही काढले नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात 'शुगर' निघाला. सासूबाईंना मधुमेह, संक्रांतीचे दिवस, आणि लाडवांच्या डब्यावर आमचा पहारा. मग काय विचारता :

कोड्यात शुगर, रक्तात शुगर, चहा मात्र फिका;
लाडू मागता सून म्हणते, 'गोड बोलायला शिका!'

आता कोणी म्हणेल, यात विशेष ते काय? शब्द दिला की ओळ जुळवायची ही आपल्याकडची जुनीच खोड. संस्कृत पंडितांच्या सभेत समस्यापूर्ती होत असे. एक चरण द्यायचा, तोही शक्य तितका अर्थहीन, आणि समोरच्याने उरलेले चरण रचून त्याला अर्थ आणून दाखवायचा. आपले मोरोपंत (१७२९-१७९४) तर या खेळातले महारथी. त्यांनी १०८ रामायणे रचली, आणि बऱ्याच रामायणांत स्वतःच्याच हातापायांत एखादी बेडी घालून घेतली. त्यांच्या 'निरोष्ठ रामायणा'त प, फ, ब, भ, म ही ओठाला ओठ लावून उच्चारायची अक्षरेच नाहीत. म्हणजे गोष्ट सगळी रामाची, आणि 'राम' म्हणायची सोय नाही! फ्रान्समध्ये १९६० साली काही लेखक आणि गणिती अशाच बेड्या घालून लिहिण्यासाठी एकत्र आले. 'उलिपो' हे त्यांच्या मंडळाचे नाव. त्याच्या दोन संस्थापकांपैकी फ्रांस्वा ल लिओने हे शिक्षणाने रासायनिक अभियंते होते, हे आम्ही जातीचा अभिमान म्हणून नमूद करून ठेवतो.

रसायनशास्त्राचा विषय निघालाच आहे तर खडीसाखरेचे उदाहरण देतो. साखरेचा दाट पाक गरम असताना भरपूर साखर पोटात घेतो. तो हलके हलके निवू दिला की त्यात मावेल त्याहून जास्त साखर विरघळलेली राहते. बाहेरून बघाल तर नुसते स्वच्छ पाणी, आत काही आहे असे वाटणारही नाही. मग त्यात एक दोरा सोडतात. पहिला स्फटिक धरायला जागा मिळाली की साखर त्याच्यावर थराथराने बसत जाते. दोऱ्यात साखर नसते, पण दोरा नसेल तर पाक तसाच बसून राहतो. आम्ही प्रयोगशाळेत हेच करतो. काही केल्या स्फटिक पडेनासे झाले की काचेच्या कांडीने भांड्याला आतून एक ओरखडा काढतो किंवा त्याच पदार्थाचा एक कण टाकतो. कोड्यातला शब्द हा असा दोरा आहे. तो कोणता असावा हे आपल्या हातात नाही, आणि त्याचा गुण नेमका तिथेच आहे. 'आईवर चार ओळी लिही' म्हटले की माणूस गप्प होतो. 'रोबॉटवर लिही' म्हटले की त्यातून आई, बाबा आणि भांडी सगळे बाहेर येते.

हे सगळे आम्हाला नंतर कळले. त्याआधी आमच्या हातून एक चूक झाली, ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

रथसप्तमीच्या आदल्या शनिवारी आमच्या घरी हळदीकुंकू होते. साथीचे दिवस, म्हणून मोजून आठ बायका, तोंडाला मास्क आणि थंडीत उघड्या खिडक्या. बायका यायला लागल्या तशा सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. 'मी लाडवांचं बघते' म्हणाल्या. लाडू आदल्या दिवशीच वळून झाले होते, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही डॉक्टरेट केलेली, मंडळाच्या व्यासपीठावरून समानतेवर बोललेली बाई. आम्ही त्यांना बाहेर बोलावले नाही. हळदीकुंकू लावून झाले, वाण लुटून झाले, उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. कन्येला तोपर्यंत उखाणा म्हणजे आजीचा खेळ एवढेच माहीत. ती धावत आत गेली आणि तिचा आवाज बाहेर स्पष्ट ऐकू आला, "आजी, तू पण ये ना! तू तर सगळ्यात भारी करतेस!"

बाहेर एकदम शांत झाले. आजी काय म्हणाल्या ते ऐकू आले नाही. कन्या परत आली ती तोंड पाडून.

जुन्या चालीत बाईने नवऱ्याचे नाव एरवी घ्यायचे नाही, घ्यायचे ते उखाण्यात. आणि नवरा गेला की उखाणाही गेला. म्हणजे नावच गेले. आपण इथे येताना पापड, पंचांग, पैठणी आणली, त्याबरोबर हेही आणले, आणि बॅग कधी उघडून बघितली नाही.

फेब्रुवारी तसाच सरला. आजीच्या ओळी चालू होत्या, पण थोड्या कमी. १ मार्चला कोड्यात चक्क 'रुपी' निघाला. आमच्या ह्यांनी, ज्यांनी आयुष्यात आयकराच्या फॉर्मपलीकडे काही लिहिले नव्हते, त्यांनी ऑफिसातून फोन करून हे ऐकवले :

रुपया आला कोड्यामध्ये, पाच घरांत बसला;
डॉलरकडे बघून म्हणाला, भाव खातोस कसला!

घरात जल्लोष झाला. आईंनी लेकाला पैकीच्या पैकी गुण दिले. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी कन्येने शेवटची ओळ हिरवी केली आणि गप्प राहिली.

"आज काय निघालं?"

कन्येने आमच्याकडे पाहिले. शब्द होता 'मोर्न'. आम्ही मानेने 'नको' म्हटले. पण दहा वर्षांच्या मुलाला आजीशी खोटे बोलता येत नाही. ती म्हणाली, "आजी, याला मराठीत काय म्हणतात मला येत नाही. म्हणजे कोणीतरी जातं, आणि मग खूप दिवस आपल्याला वाईट वाटत राहतं, ते."

"शोक," सासूबाई म्हणाल्या. "शोक करणे. दोनच घरं लागतात."

बस आली, कन्या गेली. आम्हीही कामावर गेलो, पण त्या दिवशी आमच्या हातून एक प्रयोग वाया गेला. संध्याकाळी घरी आलो तर सासूबाईंनी टेबलावर चार कप मांडून ठेवलेले. सगळे बसल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि उखाणा घ्यायच्या पद्धतीने, खालच्या मानेने नव्हे तर सरळ समोर बघून म्हटले :

शोकाला म्हटलं, बस जरा, चहा देते गाळून;
…रावांचं नाव घेते, दहा महिने टाळून!

नाव आम्ही छापलेले नाही. ते घरातच राहू दे, अशी त्यांची अट आहे. आमचे हे उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले. कन्येने टाळ्या वाजवल्या, कारण उखाण्यानंतर टाळ्या वाजवायच्या असतात. त्या रात्री जेवणे झाली तरी कोणी उठले नाही. तळजाईच्या गोष्टी निघाल्या, चार अक्षरी नदीची गोष्ट निघाली. सासरे एकदा कोड्यात मुद्दाम चुकीचे अक्षर सांगून दिवसभर हसत होते, तीही निघाली. दहा महिन्यांत ज्यांच्याविषयी आम्ही 'ते' एवढेच म्हणत होतो, त्यांचे नाव त्या रात्री पन्नास वेळा तरी घेतले गेले असेल.

त्यानंतर दोन दिवसांनी 'ब्राइन' निघाला, म्हणजे मिठाचे पाणी. तोपर्यंत घरात न लिहिणारे आम्हीच उरलो होतो. भीड मोडली आणि आमचे आयुष्यातले पहिले काव्य जन्माला आले :

मिठाच्या पाण्यात कैरी बुडाली, सोडियम क्लोराइड हसले;
'डॉक्टरेट केलीत बाई तुम्ही, लोणचे मात्र नासले!'

लोणच्याची घटना सत्य आहे. अधिक चौकशी करू नये.

त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पाठोपाठ राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. बातमी आम्ही सासूबाईंना वाचून दाखवली. त्या निवडत असलेल्या मेथीवरची नजर न काढता म्हणाल्या, "त्यांच्याकडे गावानं ठराव केला. आपल्याकडे कोड्यानं केला."

जूनमध्ये त्या पुण्याला परतल्या. आम्हाला वाटले खेळ संपला. पण त्यांनी जाऊन पहिले काम केले ते इंग्रजी-मराठी कोश घेण्याचे, आणि दुसरे शेजारच्या मुलाकडून फोनवर कोडे बसवून घेण्याचे. आता गंमत बघा. नवा शब्द प्रत्येकाच्या घड्याळात मध्यरात्री येतो. पुणे आपल्यापुढे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास. म्हणजे सासूबाई सकाळी सहाला कोडे सोडवतात तेव्हा इथे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, आणि त्यांच्या हातात आमचा उद्याचा शब्द असतो. तो सांगायचा नाही हा नियम. म्हणून त्या दोन ओळी सांगतात, शब्द गाळून, आणि कन्येने दुसऱ्या दिवशी सकाळी कोडे त्याच ओळींवरून सोडवायचे. असाच एकदा जुलैत फोन आला :

तुमच्याकडे संध्याकाळ, माझ्याकडे सकाळ;
मधली कुणी चोरली गं? नाव तिचं सांग, बाळ.

कन्येने दुसऱ्या दिवशी पहिल्याच फटक्यात 'नाइट' लिहिले आणि पाचही चौकोन हिरवे. ज्या मुलीशी आम्ही मराठी वाचनाचे पुस्तक घेऊन रविवारी सकाळी भांडत होतो, तिने 'मधली' म्हणजे कोण हे ओळखायला 'रात्र' हा शब्द स्त्रीलिंगी आहे हे मनातल्या मनात ताडून पाहिले होते. आम्ही शिकवलेले नव्हते.

तेव्हा इंग्रजी कोड्याची उत्तरे मराठी अंकात कशाला, याचे आमचे उत्तर हे असे आहे. शब्द येतो तो इंग्रजी असतो, पण जाताना तो मराठी घेऊन जातो. आपल्या रविवारच्या शाळेतली मुले चुकण्याच्या भीतीने तोंड उघडत नाहीत. गंमतीच्या ओळीत चूक चालते, किंबहुना चुकली तर जास्त हसू येते. आणि मोठ्यांच्याही मनात न बोललेला पाक काही कमी साठलेला नसतो.

आता मुद्द्याचे. घरी सुरू करायचे असेल तर नियम चारच. शब्द दिवसाचा, बदलून मागायचा नाही. ओळी दोन, फार तर चार, आणि मराठीत. शब्द इंग्रजीच ठेवा किंवा त्याचा मराठी अर्थ वापरा, दोन्ही चालेल. रात्री झोपण्याआधी मोठ्याने म्हणून दाखवायच्या आणि कोणी शुद्धलेखन काढायचे नाही. चौथा नियम मोडणारा माणूस प्रत्येक घरात एक असतो. त्याला त्या दिवशी भांडी.

आणि एक विनंती कार्यकारिणीला, जी आम्ही बैठकीतही मांडणार आहोत. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात उखाण्यांच्या वेळी एक वाडगा मधे ठेवावा. त्यात महिन्याभरातल्या कोड्यांचे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून टाकावेत. वाडगा सगळ्यांपुढे फिरवावा : नव्या नवरीपुढे, कॉलेजातल्या मुलीपुढे, आजींपुढे, आणि ज्या स्वयंपाकघरात 'लाडवांचं बघायला' गेल्या असतील त्यांच्यापुढे आधी. चिठ्ठी उचलायची, शब्दावर दोन ओळी करायच्या, आणि ज्याचे नाव घ्यावेसे वाटेल त्याचे घ्यायचे. असलेल्याचे, नसलेल्याचे, मुलाचे, मैत्रिणीचे. कोणी का म्हणून विचारायचे नाही. खुर्च्या लावायला आलेल्या पुरुषांनाही चिठ्ठी मिळेल, त्यांनी पळ काढू नये.

सासूबाईंना हा बेत फोनवर सांगितला. त्या म्हणाल्या, चिठ्ठ्यांत 'शुगर' टाकायला विसरू नकोस, आणि मी आले तर या वेळी लाडवांच्या डब्याशेजारची खुर्ची मला.

पुढच्या अंकासाठी आपापल्या ओळी या अंकाबरोबरच्या कोऱ्या कागदावर लिहून संपादकांकडे द्याव्यात. अक्षर सुवाच्य असावे. झेरॉक्समध्ये फिकी पेन्सिल उमटत नाही.